अस्सल, नक्कल आणि बनावट : संग्राह्य मोटारगाड्यांच्या पुनर्निर्मित कागदपत्रांचा इतिहास व नीतिविचार

प्रस्तावना

साधनांची चिकित्सा हा इतिहासाच्या अभ्यासातील पहिला धडा मानला जातो. ताम्रपट असो, सनद असो वा महजर. तो कोणी, केव्हा व कशासाठी तयार केला, हे तपासल्याशिवाय अभ्यासक त्यावर विसंबत नाही. कारखान्यात तयार झालेल्या आधुनिक वस्तूंच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी सहसा बाळगली जात नाही. अशा वस्तू हजारोंच्या संख्येने एकाच साच्यात घडतात आणि त्यांच्या नोंदी छापील व क्रमांकित असतात. तेव्हा त्यांच्याविषयी संशयाला जागा नाही, असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील १९६० व १९७० च्या दशकांतील मोटारगाड्यांच्या संग्राहकांना आलेला अनुभव या गृहीतकाला छेद देणारा आहे.

जानेवारी २०१४ मध्ये ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे झालेल्या लिलावात १९६७ सालची एक शेवरोले कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. ही गाडी 'एल ८८' या स्पर्धेसाठीच्या इंजिनासह कारखान्यातून बाहेर पडली होती. १९६७ च्या मॉडेल-वर्षात एकूण २२,९४० कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांपैकी अवघ्या २० गाड्यांना हे इंजिन बसवले गेले. त्या वेळी या इंजिनासाठी मूळ किमतीपेक्षा ९४७ डॉलर ९० सेंट अधिक द्यावे लागत. दोन गाड्यांमधील हजारभर डॉलरांचा फरक अर्धशतकाच्या आत लाखो डॉलरांवर गेला आणि तो फरक सिद्ध करण्याचे काम कागदाच्या एका जीर्ण तुकड्यावर येऊन पडले. असे कागद आज नव्याने छापून मिळतात. ते छापणे, बाळगणे, दाखवणे आणि विकणे यांपैकी नीतीच्या दृष्टीने काय ग्राह्य व काय त्याज्य, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारखान्यातील कागद : प्रकार व प्रयोजन

या गाड्यांसोबत जन्माला आलेले कागद प्रामुख्याने तीन प्रकारचे होते. पहिला प्रकार ग्राहकासाठीच्या कागदाचा. १९५८ साली अमेरिकेत मोटारगाड्यांविषयीची माहिती उघड करण्याचा कायदा संमत झाला. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांनी तो मांडला असल्याने गाडीच्या काचेवरील किंमतपत्रकाला आजही 'मोनरोनी' म्हटले जाते. गाडीचा क्रमांक, जुळणीचे ठिकाण, विक्रेत्याचे नाव, मूळ किंमत, जोडसाहित्याच्या किमती आणि वाहतूक खर्च या बाबी त्यावर नोंदवणे बंधनकारक झाले. अंतिम ग्राहकाच्या हाती गाडी जाण्यापूर्वी ते काढणे हा गुन्हा ठरला. विक्रेत्यांकडून किमतीत होणारी फसवणूक थांबवणे हा या पत्रकाचा हेतू होता. पन्नास वर्षांनी ते पुरावा म्हणून वापरले जाईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. बहुतेक ग्राहकांनी ते खरडून काढून टाकले.

दुसरा प्रकार कामगारांसाठीच्या कागदाचा. कोणत्या गाडीला कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणता रंग व कोणती आसने बसवायची, याची सांकेतिक यादी जुळणीच्या रांगेवरील कामगारांना दिली जात असे. हीच 'बिल्ड शीट'. काम झाले की तिचा उपयोग संपे. कधी ती आसनाच्या स्प्रिंगांत, कधी गालिच्याखाली, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर राहून जाई. सेंट लुई येथील कारखान्यात १९६७ पासून कॉर्व्हेटच्या टाकीच्या वरच्या बाजूस ही यादी चिकटवली जाऊ लागली. संग्राहक तिला 'टँक स्टिकर' म्हणतात.

तिसरा प्रकार हमीच्या कागदपत्रांचा. जनरल मोटर्सने १९६५ च्या मॉडेल-वर्षापासून हमीपुस्तिकेत 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' नावाची धातूची छोटी पट्टी देण्यास सुरुवात केली. गाडीचा क्रमांक आणि इंजिन, गिअरबॉक्स व आस यांचे संकेत तिच्यावर उठावात असत. दुरुस्तीच्या वेळी तिचा ठसा कागदावर घेतला जाई.

या तिन्हींपैकी इतिहासकाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरते ती बिल्ड शीट. आपण साक्ष देत आहोत याची जाणीव नसलेल्या साधनांना फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी विशेष महत्त्व दिले होते. बिल्ड शीट अशाच साधनांत मोडते. भावी ग्राहकाचे मन वळवावे म्हणून ती लिहिलेली नाही. अर्थात तीही निर्दोष नव्हे. कामगाराने हातातला कागद समोर असेल त्या गाडीत टाकल्यामुळे एका गाडीत दुसरीच यादी सापडल्याची उदाहरणे संग्राहकांच्या परिचयाची आहेत. तथापि अशी चूक आणि हेतुपुरस्सर केलेला खोटेपणा यांत मूलभूत अंतर आहे.

दफ्तर असणे व नसणे

या कागदांना एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर गाडीच्या क्रमांकाच्या रचनेत मिळते. आज सर्वत्र प्रचलित असलेला सतरा अक्षरांचा वाहन-क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेल-वर्षापासून रूढ झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील क्रमांकांत इंजिनाचे संकेताक्षर असे. शेवरोलेच्या क्रमांकात मात्र १९७२ पूर्वी इंजिन सहा सिलिंडरचे की आठ, एवढाच भेद सामान्यतः कळे. कॉर्व्हेटच्या क्रमांकावरून तेवढाही बोध होत नसे. त्यामुळे वर उल्लेखिलेल्या २० गाड्या आणि उरलेल्या २२,९२० गाड्या यांच्या क्रमांकांत इंजिनाचा भेद दाखवणारे काहीही नाही. शेव्हेल या गाडीचे उदाहरणही बोलके आहे. १९६६ ते १९६८ या वर्षांत तिच्या 'एसएस ३९६' प्रकाराला स्वतंत्र मालिका-क्रमांक होता. १९६९ पासून 'एसएस' हा केवळ जादा पैसे देऊन घ्यावयाचा संच झाला आणि क्रमांकातून त्याची ओळख पुसली गेली.

क्रमांक जेथे मौन पाळतो, तेथे कंपनीच्या दफ्तराकडे वळावे लागते. या दफ्तरांचे भाग्यही सारखे नव्हते. फोर्डच्या १९६७ ते १९७३ या वर्षांच्या उत्पादन-नोंदी टिकल्या आणि परवानाधारक संस्थेमार्फत त्यांचे उतारे मिळतात. पाँटियाकच्या १९६१ पासूनच्या बिलांच्या प्रतीही उपलब्ध आहेत. त्यामुळे १९६४ व १९६५ सालच्या 'जीटीओ' गाड्यांचा क्रमांक साध्या गाड्यांसारखाच असला, तरी त्यांची शहानिशा करता येते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोले गाड्यांच्या तशा गाडीनिहाय नोंदी मात्र मोठ्या प्रमाणावर जतन झाल्या नाहीत. कॅनडात पाठवलेल्या गाड्यांच्या नोंदी तेथील कंपनीने राखल्या, पण ती संख्या तुलनेने अल्प आहे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात इनाम कमिशनने इनामदारांच्या सनदा तपासल्या, तेव्हा त्यांच्या हाती पेशवे दफ्तर होते. कमिशनच्या हेतूविषयी व त्याने ओढवून घेतलेल्या रोषाविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. येथे पद्धतीपुरता मुद्दा असा, की धारकाजवळचा कागद आणि सरकारी दफ्तरातील नोंद या परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन साक्षी होत्या आणि एकीने दुसरीची पारख करता येत होती. पाँटियाकच्या बाबतीत दफ्तर शिल्लक आहे. शेवरोलेच्या बाबतीत ते नाही. धारकाजवळचा कागद हीच सनद आणि तेच दफ्तर. म्हणूनच तेथे खोट्या कागदाचे परिणाम सर्वाधिक गंभीर होतात.

पुनर्निर्मितीची वाट

कागदांच्या पुनर्निर्मितीचा आरंभ फसवणुकीतून झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७० च्या दशकात गाड्यांच्या पुनरुज्जीवनाला संघटित रूप आले. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीची स्थापना १९७४ सालची आहे. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी करावी, हा आदर्श पुढे आला आणि परीक्षकांसमोर गाड्या तपशीलवार तपासल्या जाऊ लागल्या. इंजिनच्या झाकणाखालील सूचनापट्टी, टायरच्या दाबाची चिठ्ठी, जॅक वापरण्याच्या सूचना अशा गोष्टींची गरज भासू लागली. या चिठ्ठ्या सर्व गाड्यांवर सारख्याच होत्या. त्यांची नवी प्रत लावल्याने गाडीच्या ओळखीविषयी काहीही नवे विधान होत नव्हते.

पुढचे पाऊल निराळे होते. काचेवरील किंमतपत्रक, टँक स्टिकर व हमीची पट्टी हे कागद सर्वसाधारण नसून व्यक्तिविशिष्ट आहेत. ते एकाच गाडीविषयी बोलतात. त्यांची पुनर्निर्मिती करताना त्यांवर काय लिहायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. मालकाजवळ फाटका मूळ कागद असेल, तर मजकूर त्यावरून घेता येतो. कंपनीचे दफ्तर असेल, तर त्यावरून घेता येतो. ही दोन्ही नसतील, तर गाडीवरील भाग पाहून किंवा मालकाच्या सांगण्यावरून मजकूर भरला जातो. येथेच एक तार्किक दोष शिरतो. गाडीवरून कागद तयार करायचा आणि मग त्याच कागदाने गाडी सिद्ध करायची, हा न्यायशास्त्रात सांगितलेला अन्योन्याश्रय दोष होय. दोन्ही बाबी परस्परांवर टेकलेल्या असतात. जमिनीवर कोणीच उभे नसते. अशा कागदाने माहितीत कणाचीही भर पडत नाही, पाहणाऱ्याची खात्री मात्र वाढते.

अस्सल, नक्कल व बनावट

मराठीत या संदर्भात तीन शब्द आहेत व ते काटेकोरपणे वापरल्यास बराच गोंधळ टळतो. अस्सल म्हणजे ज्या काळी, ज्या व्यवहारात निर्माण झाला असे सांगितले जाते, त्याच व्यवहारातून आलेला कागद. नक्कल म्हणजे अस्सलाची अशी प्रत, जी स्वतःला प्रत म्हणवते. तहसील कचेरीतून मिळणाऱ्या उताऱ्यावर 'खरी नक्कल' असा शेरा, दिनांक व सही असते. तिच्यात कमीपणाचे काहीही नाही, उलट तो शेरा हीच तिची प्रतिष्ठा असते. बनावट म्हणजे अस्सलाचा वेश घेतलेला कागद. नक्कल आणि बनावट यांच्यातील भेद मजकुराच्या खरेखोटेपणाचा नाही. खऱ्या मजकुराचाही बनावट कागद असू शकतो. मठाचा हक्क खरा असूनही मूळ दानपत्र गहाळ झाल्यामुळे नवे 'जुने' दानपत्र तयार केल्याची उदाहरणे मध्ययुगीन युरोपात आढळतात. अशाच कागदांच्या निमित्ताने १६८१ साली झाँ माबियाँ या बेनेडिक्टाइन साधूने कागदचिकित्सेचे शास्त्र मांडले. आपल्याकडे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करताना अस्सल पत्रव्यवहाराला जे स्थान दिले, त्यामागेही हाच विवेक होता.

हा भेद लक्षात घेतला, की मोटारगाड्यांच्या कागदांबाबतचा एक नेहमीचा युक्तिवाद तपासता येतो. तो असा : मालकाचा हेतू प्रामाणिक असेल आणि विकताना तो तसे सांगत असेल, तर जुन्यासारख्या दिसणाऱ्या, खूण नसलेल्या कागदात गैर काय? या युक्तिवादात कागदाचे आयुष्य विचारात घेतलेले नाही. गाडी आणि तिच्यासोबतची फाइल मालकापेक्षा दीर्घकाळ टिकते. प्रदर्शनात मांडण्यासाठी हौसेने करून घेतलेले किंमतपत्रक त्या फाइलीत जाते. मालकाच्या पश्चात ती फाइल वारसांकडे येते. वारसांना त्या कागदाचा उगम ठाऊक नसतो. ते तो मूळ समजून लिलावगृहाकडे सोपवतात, लिलावगृह सूचिपत्रात त्याचा उल्लेख करते आणि खरेदीदार त्यावर विश्वास ठेवतो. या साखळीत कोणीही जाणूनबुजून खोटे बोललेले नसते, तरीही शेवटी असत्य प्रस्थापित होते. बनवणाऱ्याचा हेतू कागदाला चिकटून राहत नाही. कागदावर चिकटून राहते ती केवळ खूण. म्हणून प्रामाणिकपणा मालकाच्या मनात असून पुरत नाही, तो कागदावर छापलेला असावा लागतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की खुणेमुळे कागदाची शोभा जाते. 'पुनर्निर्मित प्रत' हे शब्द, वर्ष व मजकुराचा आधार मागील बाजूस किंवा तळाशी लहान अक्षरांत छापता येतात. दर्शनी भागाला त्यामुळे बाधा येत नाही. दुसरा आक्षेप असा, की फसवणारा खूण टाकणारच नाही, मग नियमाचा उपयोग काय? हा आक्षेप नियमाचा हेतू चुकीचा समजतो. खुणेचा नियम चोरासाठी नसून सज्जनाच्या कागदाचे पुढे असत्यात रूपांतर होऊ नये, यासाठी आहे. शिवाय प्रामाणिक प्रतींवर खूण असण्याचा प्रघात पडला, तर खूण नसलेल्या नव्या कागदाकडे संशयाने पाहणे सोपे होते.

आणखी एक प्रश्न तज्ज्ञांपुढे उभा राहतो. मूळ कागदाची जात, छपाईचे वळण, संकेतांची मांडणी, तारखांचा क्रम यांवरून बनावट ओळखता येते. उदाहरणार्थ, इंजिनाच्या ओतीव भागावरील तारीख गाडीच्या जुळणीच्या तारखेनंतरची असू शकत नाही. ही लक्षणे प्रसिद्ध केली, तर खरेदीदार सावध होतो. पण बनवणाराही त्याच वाचनातून आपल्या चुका सुधारतो. म्हणून काही जाणकार ती गुप्त ठेवणे पसंत करतात. यात सुरक्षितता आहे, परंतु त्याची किंमतही आहे. ज्या निर्णयाची कारणे सांगितली जात नाहीत, तो तपासता येत नाही आणि ज्ञानाची जागा व्यक्तीचा शब्द घेतो. निकष सामान्यतः खुले ठेवून मोजके तपशील राखून ठेवणे, हा मध्यममार्ग त्यातल्या त्यात समर्थनीय वाटतो.

कायदा, न्यायालय व सनदा

कायद्याची दृष्टी कागदापेक्षा क्रमांकाबाबत अधिक कठोर आहे. अमेरिकेत १९८४ च्या संघीय कायद्याने वाहनाचा ओळख-क्रमांक जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला; दुरुस्तीसाठी आवश्यक असेल तेथे अपवादही ठेवला. अपवाद नसेल तर काय घडते, हे कॅन्सस राज्यात दिसून आले. तेथे पुनरुज्जीवनाच्या वेळी पट्टी काढून परत बसवलेली १९५९ सालची एक कॉर्व्हेट २०१७ साली जप्त झाली आणि अखेर २०२२ मध्ये राज्याला आपला कायदा बदलावा लागला. काचेवरील पत्रकाची किंवा बिल्ड शीटची प्रत छापणे हा मात्र स्वतःहून गुन्हा ठरत नाही. तिच्या आधारे खोटे वर्णन करून विक्री केली, की फसवणुकीचा प्रश्न येतो. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या १९३० च्या माल-विक्री कायद्यातील कलम १५ चे तत्त्वही हेच आहे : वर्णनानुसार विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे.

वर्णन कशाने सिद्ध होते, याचा सर्वांत सखोल विचार १९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्या. ऑटन यांच्यासमोरील खटल्यात झाला. १९२९ व १९३० अशी दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकणारी 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. गाडी खरी नाही, असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. शर्यतींच्या काळात व नंतर तिचे बहुतेक भाग बदलले गेले होते. कारखान्यातून निघालेल्या मूळ रूपात ती उरलेली नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु बदल टप्प्याटप्प्याने होत गेले, गाडीचे अस्तित्व मध्येच कधी संपले नाही आणि तिचा इतिहास अखंडपणे दाखवता येतो, म्हणून तीच अस्सल 'ओल्ड नंबर वन' होय, असा निर्णय दिला. वस्तूची ओळख तिच्या धातूपेक्षा तिच्या अखंड, नोंदलेल्या इतिहासात शोधली गेली. असे असेल, तर त्या नोंदींत भेसळ करणे हे वस्तूच्या ओळखीवरच आघात करणे ठरते.

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ च्या व्हेनिस सनदेने तत्त्व घालून दिले, की जेथे तर्कबाजी सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नव्याने घातलेला भाग मूळ भागापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत हीच भूमिका वाहनांना लागू केली आहे : केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि बदललेले भाग ओळखता यावेत. भिंतीचा नवा चिरा जर वेगळा दिसावा लागतो, तर नव्या कागदाने जुना वेश का घ्यावा?

भारतातही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार अशा वाहनांना 'व्हीए' अक्षरांची क्रमांकमालिका मिळते. नोंदणीसाठी वाहन आधी नोंदलेले असल्यास जुने नोंदणीपत्र आणि आयात केलेले असल्यास सीमाशुल्क विभागाचे आयातपत्र सादर करावे लागते. कागदाला मूल्य आले, की त्याच्या प्रतिरूपालाही गिऱ्हाईक मिळते, हा अमेरिकेतील अनुभव येथे आधीच ध्यानात घेणे हितावह ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सर्वसाधारण चिठ्ठ्यांची पुनर्निर्मिती आणि एका विशिष्ट गाडीविषयी विधान करणाऱ्या कागदाची पुनर्निर्मिती यांना एकच माप लावता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मजकुराचा आधार, निर्मितीचे वर्ष आणि प्रत असल्याची खूण कागदावरच असली पाहिजे. गाडीवरून तयार केलेला कागद गाडीचा पुरावा म्हणून मांडणे सर्वथा अग्राह्य आहे. ही जबाबदारी एकट्या विक्रेत्याची नाही. छापणारा, परीक्षक, लिलावगृह आणि फाइल सांभाळणारा मालक हे सर्व तिचे वाटेकरी आहेत.

फसलेल्या खरेदीदाराचे नुकसान पैशांत मोजता येते व कधीकधी भरूनही निघते. इतिहासाचे नुकसान तसे भरून निघत नाही. जेथे कंपनीचे दफ्तर नष्ट झाले आहे, तेथे आसनाखाली व टाकीवर राहिलेल्या कागदांच्या बेरजेतूनच त्या कारखान्यात कोणत्या महिन्यात काय बनले, काय मागवले गेले व कामगारांनी काय जोडले, याचे चित्र उभे करावे लागते. त्या बेरजेत मिसळलेला प्रत्येक खोटा कागद शेजारच्या खऱ्या कागदांचीही पत कमी करतो. एक एल ८८ नव्याने 'सिद्ध' झाली, की उरलेल्या विसांपैकी प्रत्येक गाडीवर संशयाची छाया पडते. नक्कल नक्कल म्हणून राहिली, तर ती अस्सलाची सेवा करते. तिने अस्सलाचा वेश घेतला, की अस्सलालाच आपले अस्सलपण पुन्हा सिद्ध करत बसावे लागते.